तिसरा प्लग

१

चारचौघांत मी माझ्या नवऱ्याला अहो-जाहो करत आले. इथं करणार नाही.

बद्रीनाथ मस्कतला निघाला ते साल सत्त्याहत्तर, दिवाळी नुकतीच झालेली. निघण्याआधीचे दोन दिवस तो घरात नव्हताच. पदमपुऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या घरामागं त्यानं पत्र्याचं शेड उभारलं होतं, तिथं अँबेसिडरच्या बॉनेटखाली वाकून होता. फुलंब्रीच्या शेतकऱ्याचा मुलगा, कारखान्यात फिटर. एका डॉक्टरची वापरलेली गाडी घेतली, तेव्हापासून त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

गाडी तीन वर्षं उभी राहणार होती. उभ्या गाडीचं इंजिन आतून गंजतं, पिस्टन चिकटून बसतात. म्हणून त्यानं रेडिएटरातलं पाणी काढलं, जुनं ऑइल बदललं, पेट्रोलची टाकी रिकामी केली. बॅटरी सोडवून सांडू मिस्त्रीच्या गॅरेजात ठेवली. सायलेन्सरच्या नळीत उंदीर शिरू नयेत म्हणून तेलकट फडकं कोंबलं. गाडी उचलून विटांच्या थरांवर ठेवली. मग चारही स्पार्क प्लग काढून एकेका भोकात चमचाभर तेल सोडलं, औषध पाजावं तसं. दोन महिन्यांपूर्वी माझी आई तापानं फणफणली होती, तेव्हा तिच्या उशाशी तो एवढा वेळ बसला नव्हता.

मग मला हाक मारली.

"सारजा, इकडं ये. नीट बघून ठेव."

दर रविवारी गाडीच्या पुढून हॅण्डल घालायचं आणि इंजिनाला हातानं चार चकरा द्यायच्या. दर चौथ्या रविवारी प्लग काढून चमचा चमचा तेल सोडायचं. प्लग परत लावायचे ते हातानंच, हलके.

"पाना लावायचा नाय. गच्च बसले अन् गंज धरला तर निघायचे नायत. ध्यानात राहील?"

"आठवीला विज्ञान शिकवलंय मी."

"शिकवलं असंल. हे मशीन हाय."

त्याच आठवड्यात मला पैठणहून पत्र आलं होतं. लग्नाआधी दोन वर्षं मी तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, आणि मुख्याध्यापिका आवडाबाईंनी परत बोलावलं होतं. नवरा तीन वर्षं परदेशात, पदरात मूल नाही. याहून सोयीचं काय असणार? बद्रीनाथनं पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"अन् गाडीकडं कोण बघणार?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. मी आवडाबाईंना नकार कळवला. तो कळवला याबद्दल मला त्याच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

बसस्थानकावर मुंबईच्या गाडीत बसल्यावर त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. काहीतरी बोलेल म्हणून मी पुढं झाले.

"रविवार चुकवू नको," तो म्हणाला.

२

पंधरा दिवसांनी एक निळं पत्र यायचं. चार ओळी तिकडच्या उन्हाच्या, दोन ओळी जेवणाच्या, आणि खाली पान भरेपर्यंत गाडी. कव्हर नीट बांधलंय का. पत्रा गळत नाही ना. प्लग हातानंच लावतेस ना, पाना लावत नाहीस ना. माझ्याबद्दल एक अक्षर नसायचं. डिसेंबरात मला कावीळ झाली. तसं मी लिहिलं. उत्तर आलं: आजारपणात रविवार चुकला तर नाही?

चुकला नव्हता. पिवळ्या डोळ्यांनी मी शेडमध्ये जाऊन चार चकरा दिल्या होत्या. पुढं मी जे केलं ते ऐकताना ही बाईही लक्षात ठेवा.

हॅण्डल फिरताना आतून ओला, जाड आवाज यायचा. खप्. मग थोडं अडायचं, मग परत खप्. चार झाले की शांतता. पत्र्यावर एखादा कावळा बसला तर त्याची नखं वाजायची, तेवढंच.

जानेवारीतल्या एका रविवारी मी चकरा द्यायच्या आधीच बॉनेट उघडलं. धूळ बसली असेल, पुसावी म्हणून. पुसताना तोल सावरायला इंजिनावर हात टेकला आणि उचलला.

इंजिन कोमट होतं.

चटका बसावा असं नाही. तासाभरापूर्वी दूध उतरवलेल्या चुलीच्या कडेला हात लावल्यावर लागतं, तेवढं. मी पत्र्याला हात लावून पाहिला. पत्रा गार होता, आतून दव धरलं होतं. विटा गार. बंपर गार. कुलूप मी स्वतः उघडलं होतं आणि किल्ली माझ्या कमरेला असायची. टाकीत थेंब नाही, बॅटरी नाही. कोण कशानं सुरू करणार?

लोखंड ऊब धरून ठेवतं, असं मी स्वतःला सांगितलं. आदल्या दिवशीचं ऊन असेल. मग त्याच उन्हानं बंपर का तापला नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही. चार चकरा दिल्या, कुलूप लावलं आणि भाकरी थापायला गेले.

३

फेब्रुवारीतला चौथा रविवार. सकाळचे अकरा वाजले असतील. शेडचं दार उघडं होतं, उजेड थेट इंजिनावर पडला होता.

मी चारही प्लग हातानं सोडवले. पहिल्या भोकात तेल घातलं, दुसऱ्यात घातलं. तिसऱ्यात घालायला वाकले तर तोंडाशी आधीच्या तेलाचा पातळ पापुद्रा बसलेला होता.

तो फुगला. फुटला नाही, खाली बसला. परत फुगला.

आत कोंडलेली हवा, मी म्हणाले. पण हॅण्डलला मी अजून हातच लावला नव्हता. हवा आत कोंडलेली असेल तर एकदा सुटेल. ही आत-बाहेर होत होती, थांबून थांबून, अंगाई ऐकत झोपलेल्या मुलासारखी नाही, तर दमून आलेल्या बाप्यासारखी. आपलाच श्वास कानात वाजतोय का, म्हणून मी माझा रोखून धरला. माझा थांबला. तो थांबला नाही.

मी तळहात भोकावर ठेवला. कातडी आत ओढली गेली, पैशाएवढी. मग सुटली आणि हाताला दमट ऊब लागली. हात उचलला तर तळव्यावर तेलाचं गोल वळं उमटलेलं.

मी ओरडले नाही. मला राग आला. घर सोडून गेलेला माणूस, आणि इथंही त्याचं काहीतरी जिवंत होतं, आणि तेही मीच सांभाळायचं होतं. मी त्याच्या पेटीतला प्लगचा पाना काढला, तिसरा प्लग बसवला आणि दोन्ही हातांनी आवळला. मग बाकीचे तिन्ही आवळले.

थोडा वेळ काही झालं नाही. मग आतून ठोका आला, उखळात मुसळ पडावं तसा. परत आला. गाडी विटांवर थरथरली, मागच्या डाव्या थरातली वीट सरकली. गाडी पडली तर त्याला काय उत्तर देणार, ही माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट. त्याचाही मला राग आहे. मी सगळे प्लग सोडवून हातानं हलके लावले. चार-पाच मिनिटं गेली असतील, जास्त नाही. ठोके थांबले.

त्याला मी यातलं काहीही लिहिलं नाही. लिहिलं, गाडी ठीक आहे.

मार्चच्या मध्याला त्याचं पत्र आलं. त्यात होतं: "मागच्या रविवारी कामावर असताना एकाएकी दम कोंडला. चार-पाच मिनिटं श्वासच मिळेना, खाली पडलो. दवाखान्यात नेलं, डॉक्टरला काही सापडलं नाही. आता बरा आहे." पत्रावर तारीख होती ती त्या रविवारनंतरच्या बुधवारची.

खाली, नेहमीसारखं: प्लग हातानंच लावतेस ना?

४

योगायोग म्हणायला मला महिना लागला, आणि तो म्हणूनही चैन पडेना. एप्रिलमध्ये मी शहरातल्याच पैठण गेटच्या गॅरेजात जाऊन सांडू मिस्त्रीला घेऊन आले. पन्नाशीचा माणूस, कामापुरतं बोलणारा. बद्रीनाथ दुसऱ्या कुणाला गाडीला हात लावू देत नसे, याला देत असे. मी त्याला श्वासाचं काही सांगितलं नाही. इंजिन जड फिरतंय, एवढंच म्हणाले.

त्यानं प्लग काढले, हॅण्डल घातलं, चार चकरा दिल्या. हॅण्डल काढून जमिनीवर ठेवलं आणि हात पुसायला फडकं घेतलं. तेवढ्यात रेडिएटरमागचा पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला.

"कंप्रेशन मागं ढकलतंय," तो म्हणाला.

"प्लग तर तुम्ही काढलेत. भोकं उघडी असताना दाब कुठून येणार?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग वाकून कान इंजिनाला लावला. बराच वेळ लावला. मी त्याच्या पाठीकडं बघत होते. हळूहळू त्याचे खांदे एका लयीत वरखाली होऊ लागले, तिसऱ्या भोकातला तेलाचा पापुद्रा होत होता तसे. ते त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण तो झटक्यानं मागं झाला.

"वहिनी, बद्रीनाथचं पत्र कवा आलं?"

"मागच्या महिन्यात. का?"

तो बोटं पुसत राहिला. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"निघायच्या आदल्या दिशी म्या हितंच व्हतो. त्यानं तेल सोडलं, अन् मग या तिसऱ्या भोकाला तोंड लावून फुंकलं. म्हनलं, कचरा काढतोय. आमी बी काढतो. पर एकडाव फुंकतो, वहिनी. यानं लई येळ फुंकलं. उठला तवा पांढराफटक पडला व्हता."

"तुम्ही काही विचारलं नाही?"

"त्याची गाडी. म्या काय इचारणार?"

"मग आता काय करू?"

"म्या यात हात घालणार नाय. चालू करायला बी नाय, बंद करायला बी नाय." दारापर्यंत जाऊन तो वळला. "तुमी मातर चकरा चुकवू नका."

तो गेल्यावर मी शेडमध्ये उभी राहिले. गाडी त्याची, इंजिन त्याचं, आणि आता दमही त्याचा. चकरा तेवढ्या माझ्या. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. नवऱ्यानं मला न विचारता माझ्या हातात काय देऊन ठेवलं होतं, ते एका मिस्त्रीला माहीत होतं आणि मला नव्हतं.

५

मे संपताना दोन पत्रं एका दिवशी आली.

पहिलं आवडाबाईंचं. विज्ञानाच्या बाई सोडून गेल्या, जूनपासून जागा रिकामी, येणार का? दुसरं त्याचं. कंपनीनं करार आणखी दोन वर्षं वाढवला, त्यानं सही केली. म्हणजे पाच वर्षं. खाली: "उन्हाळा आहे, तेल वाळतं. आता दर रविवारी घालत जा."

माझी सासू साळूबाई त्या दिवशी फुलंब्रीहून आलेली होती. मी दोन्ही पत्रं तिला वाचून दाखवली. ती चिडेल असं मला वाटलं होतं. तिनं पान लावलं, चुना झटकला.

"मला बी त्यो गाडीचंच लिवतो," ती म्हणाली. "म्या काय मेकॅनिक हाय व्हय?"

"मी जाऊ का पैठणला?"

"जा की. गाडी काय पळून जाती का?"

पुढचं तिला सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. त्याला तिनं जन्म दिला होता. मला जे करायचं होतं, ते तिच्या कानावर घालून मला तिला वाटेकरी करायचं नव्हतं.

६

नुसतं कुलूप लावून मी जाऊ शकले असते. लोक विचारतील म्हणून आधीच सांगते. हो, जाऊ शकले असते. प्लग हलके ठेवून, पाठ फिरवून.

पण जूनच्या त्या पहिल्या रविवारी, पेटी भरून झाल्यावर, मी पाना घेऊन शेडमध्ये गेले. माझा हिशेब सरळ होता. इंजिन श्वास घेत नाही. हे मी मुलींना शिकवायला चालले होते. श्वास घेत नसेल, तर चार प्लग आवळल्यानं कुणाचंही काही बिघडणार नाही. आणि घेत असेल, तर सात महिने तो मी जपला होता, कावीळ अंगात असताना जपला होता, आणि तोही मला न विचारता गळ्यात टाकलेला. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी दोष माझा नव्हता. असं मला त्या दुपारी वाटत होतं. आज वाटत नाही, पण तेव्हा वाटत होतं.

पहिला आवळला. दुसरा. चौथा. तिसरा शेवटी. पाना हातातून निसटेपर्यंत आवळला.

ठोका आला. दुसरा त्याच्या मागोमाग. पत्रे झणझणले. मी मागं सरले नाही. बॉनेट पाडलं आणि कव्हर ओढायला हात घातला, तेव्हा समोरची काच दिसली.

काच आतून धुकटलेली होती. बाहेर जूनचं ऊन, शेडमध्ये उभं राहवत नव्हतं, आणि काचेवर आतून वाफ धरली होती, स्टेअरिंगच्या मागं, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. ताटलीएवढा डाग. तो आक्रसायचा, वाढायचा, आक्रसायचा. ठोक्यागणिक जास्त वेगानं.

मग कशानं तरी तो डाग आतून पुसला. चार बोटांच्या रेघा, वाकड्या. त्या रेघांमधून मला हनुवटी दिसली. दाढी वाढलेली. बद्रीनाथ रोज दाढी करायचा. त्या हनुवटीच्या वर तोंड उघडलं होतं, हवा घ्यायला उघडतात तसं, आणि ते आणखी उघडत होतं. माणसाचं तोंड जिथं थांबतं तिथं ते थांबलं नाही.

मी कव्हर टाकलं. चारही कोपरे बांधले, गाठी मारल्या. कव्हरखाली एक ठोका झाला, मग बराच वेळ काही नाही, मग अगदी हलका एक. मग नाही.

मी कुलूप लावलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि एकची पैठणची एस.टी. पकडली.

७

शाळेत मी तारवाल्याची वाट बघत शिकवत होते. दारात सायकल टेकली की खडू हातात थांबायचा. एक आठवडा गेला. बारा दिवस गेले. तार आली नाही. मी चिडले होते, माझ्या मूर्खपणावर. एवढं भ्यायचं कारणच काय होतं?

तेराव्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर मी खोलीवर आले तर तो पायरीवर बसला होता. शेजारी बॅग. अंगानं भरलेला, कपडे स्वच्छ, दाढी केलेली.

"आलो," तो म्हणाला.

मी चौकट धरली. "करार वाढवला होता ना दोन वर्षांनी?"

"सोडला."

"तुमची तब्येत?"

"लई बरी. ते दमाचं गेलं. आता दम लागतच नाय."

मी भात टाकला. तो आत येऊन भिंतीला टेकून बसला आणि खोलीकडं बघत राहिला, माझ्या वह्यांकडं, खिडकीतल्या तुळशीकडं. गाडीचं तो एक शब्द बोलला नाही. मी वाट बघितली. वाढताना वाट बघितली, तो जेवताना बघितली. ताटावरून हात उचलून तो म्हणाला, "सारजा, तू कशी हायेस? कावीळ झाली व्हती ना तुला?"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. हे ऐकायला मी किती वाट पाहिली ते माझं मला माहीत. आणि ते आलं तेव्हा त्याच्या तोंडासमोर, वाफाळत्या भातावर, वाफ सरळ वर जात होती. तो बोलला तरी हलली नाही. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, मी रडतेय. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, आणि चांगला होता.

जेवून तो खाटेवर उताणा पडला, सदरा काढून. दुपारचे दोन. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी वह्या मांडीवर घेऊन त्याच्या छातीकडं बघत बसले. बघता बघता वहीवरची शाई वाळली. छाती होती तशीच होती. पोट होतं तसंच होतं.

"काय बघतीस?" डोळे न उघडता त्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग पड जरा. दमलीस तू."

मी खाली चटई टाकून आडवी झाले. दुसरीकडं कुठं जाणार होते? खोलीत एकाच माणसाचा श्वास ऐकू येत होता, आणि तो माझा होता. मी तो हळू केला. आणखी हळू केला. तोंडावर पदर घेतला, तरी तो ऐकू येतच राहिला.

खाटेवरून तो कुशीवर वळल्याचा आवाज आला.

"किती आवाज करतीस, सारजा," तो म्हणाला.